खंदकाच्या दोन भिंती

किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम मान वर करतो. तट किती उंच, बुरूज किती भक्कम, दरवाजावर शिल्प कोणते, हे त्याला पाहावयाचे असते. खाली वाकून खंदक पाहणारा शंभरात एखादा. आणि खंदकात तरी आज पाहण्यासारखे काय उरले आहे? कोठे बाभळी माजल्या आहेत, कोठे शेळ्या चरत आहेत, कोठे गावाने आपला केरकचरा लोटून तो निम्माअधिक बुजवून टाकला आहे. ज्याच्या भरवशावर एके काळी सारे गाव रात्री निर्धास्त झोपत असे, तो खंदक आज गावाचा उकिरडा झाला आहे. या उपेक्षित खंदकाविषयी आपल्याशी दोन गोष्टी बोलाव्यात असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. वसंतातल्या या व्यासपीठावर तसा योग आला, याचा आम्हांस आनंद वाटतो.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांत खंदकाला परिखा म्हटले आहे. सभोवती खणलेली ती परिखा. खंदक हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तिकडेही 'कंदन' म्हणजे खणणेच. सन ६२७ मध्ये मदिना शहराच्या रक्षणासाठी खंदक खणावा ही सूचना सलमान नावाच्या इराणी अनुयायाने पैगंबरांस केली, अशी परंपरा आहे, आणि ती लढाई खंदकाच्याच नावाने प्रसिद्ध आहे. तात्पर्य, भाषा कोणतीही असो, या वस्तूला नाव मिळाले ते खणण्यावरून. आता खणलेल्या मातीचे काय करावयाचे? तिचाच तट रचावयाचा. खंदक जितका खोल जावा तितका तट उंच व्हावा, असा हा दुहेरी लाभाचा हिशेब आहे. खंदक आणि तट ही एकाच कुदळीची जुळी लेकरे होत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात हा हिशेब मांडून ठेवला आहे. नगराभोवती एक सोडून तीन परिखा असाव्यात, त्या एकमेकींपासून एक दंड अंतरावर असाव्यात, आणि त्यांची रुंदी अनुक्रमे चौदा, बारा व दहा दंड असावी, असे तो सांगतो. दंड म्हणजे चार हात, अदमासे सहा फूट. म्हणजे पहिली परिखाच चौऱ्याऐंशी फुटांच्या घरात गेली. पाणी वाहते असावे, त्यात कमळे आणि मगरी असाव्यात, हेही तो सांगावयास विसरत नाही. परिखेतून निघालेल्या मातीचा वप्र, म्हणजे बांध, चार दंड आत सरकून सहा दंड उंच रचावा आणि हत्तीबैलांकडून तो तुडवून घट्ट करावा, अशी त्याची आज्ञा आहे. पण आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे एक बारीकसे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. परिखेच्या बाजू दगडांनी किंवा विटांनी बांधून काढाव्यात, असे तो म्हणतो. बाजू, म्हणजे दोन्ही. आतलीही आणि बाहेरचीही.

बाहेरची भिंत कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. आतली भिंत म्हणजे तटाचा पायथा. ती बांधली नाही तर तट ढासळेल हे कोणासही समजते. परंतु शत्रूच्या बाजूला, जिकडे आपले काही नाही, तिकडे चुना आणि दगड का खर्चावयाचा? याचे उत्तर हवे असेल तर क्षणभर आपण हल्ला करणाऱ्याच्या जागी उभे राहू. खंदकाची बाहेरची कड नुसत्या मातीची असली तर पावसाळ्यागणिक ती ढासळते आणि तिचा उतार होतो. त्या उतारावरून माणसे धावत उतरतात, आणि प्रसंग बिकट झालाच तर त्याच उतारावरून धावत परत जातात. पण तीच कड दोन पुरुष उंच उभी बांधलेली असेल तर गोष्ट निराळी होते. उतरावयास शिडी, मग समोरच्या भिंतीवर चढावयास दुसरी शिडी, आणि वरून गोळ्यांचा मारा चालू. माघार घ्यावयाची तर पाठीशी पुन्हा भिंतच. तट शत्रूला समोरून अडवतो. खंदकाची बाहेरची भिंत त्याला पाठीमागून कोंडते. म्हणूनच कसलेले सेनापती तटाला खिंडार पाडून थांबत नसत. ही बाहेरची भिंतही सुरुंगाने खंदकात पाडून ते आपल्या लोकांसाठी उतार करून घेत.

परंतु येथेच एक गोष्ट विसरता कामा नये. खंदक स्वतः कोणाला मारत नाही. तो शत्रूला काही वेळ एका जागी थोपवून धरतो, एवढेच त्याचे काम. त्या वेळाचा उपयोग करावयाचा तो तटावरच्या माणसांनी. बुरूज तटाच्या रेषेबाहेर पुढे काढलेला असतो तो शोभेसाठी नव्हे. दोन बुरुजांमधला खंदकाचा तळ त्यांच्या जंग्यांतून आडवा दिसावा आणि तेथे एकही कोपरा नजरेआड राहू नये, यासाठी. ज्या खंदकाच्या तळावर नजर नाही तो खंदक शत्रूला आडोसा देतो. खंदक कोण राखतो आणि कोठून राखतो, हा आमच्या मते या विषयातला मुख्य प्रश्न आहे. आणि इतिहासाने त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांतली काही आता पाहू.

आरंभ देवगिरीपासून करू, कारण खंदकाची कला तेथे पराकोटीला गेली आहे. दौलताबादच्या डोंगराचा पायथा सभोवार कित्येक पुरुष उंच असा ताशीव केला आहे, आणि त्याच्या पायाशी अखंड कातळात खंदक कोरला आहे. तेथे दोन्ही भिंती एकाच खडकाच्या; बांधकामाचा सांधा म्हणून नाही, मग ढासळावयाचे काय? ओलांडावयास एक चिंचोळी वाट, आणि पलीकडे काळोखी अंधेरी. असा किल्ला मनुष्यबळाने कोण घेणार? पण १२९६ साली अल्लाउद्दीन चालून आला तेव्हा रामदेवराव किल्ल्याच्या आश्रयाला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याला तह करावा लागला. फिरिश्ता सांगतो की, धान्य म्हणून गडावर घाईने चढवलेली पोती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. पोत्यांत काय आहे हे पाहणारे कोणी नसेल, तर डोंगर ताशीव असून काय उपयोग? हा पहिला धडा.

आपल्या सह्याद्रीतल्या गडांना निसर्गानेच कडे आणि दऱ्या दिल्या. तेथे खंदकाचे काम परमेश्वराने करून ठेवले होते. खरी गरज होती ती मैदानातल्या भुईकोटांना. अहमदनगर, सोलापूर, परांडा, औसा, उदगीर या सर्वांना खंदक आहेत. त्यांपैकी अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला घ्या. जुन्या मातीच्या कोटाच्या जागी हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास दगडी तट उभारावयास घेतला. त्याला मैलभर घेर, भोवती रुंद खंदक, आणि खंदकापलीकडे बाहेरच्या अंगाला मातीचा चढ. हा चढ कशासाठी, तर दूरच्या तोफेला तटाचा पायथा दिसू नये यासाठी. तोफा आल्या तेव्हापासून खंदकाला ही तिसरी जोड द्यावी लागली.

१५९५ च्या अखेरीस मोगल शाहजादा मुराद या किल्ल्यावर आला. खंदक ओलांडणे कठीण, म्हणून त्याच्या लोकांनी जमिनीच्या पोटातून सुरुंग नेले. खंदकाचा हा जन्माचा शत्रू. वरून जे साधत नाही ते खालून साधावयाचे. चांदबिबीला मोगली छावणीतूनच बातमी लागली आणि तिच्या लोकांनी आतून खणून दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसरा मात्र फेब्रुवारी १५९६ मध्ये उडाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला. पुढची हकीकत महाराष्ट्रातल्या मुलांनाही ठाऊक आहे. चांदबिबी स्वतः खिंडारात उभी राहिली, दिवसभर हल्ले परतवले गेले, आणि रात्रीतून खिंडार बांधून निघाले. वऱ्हाड देऊन तह करावा लागला हे खरे. पण किल्ला त्या वेळी गेला नाही. तटाचा दगड पडला होता, खंदक ढिगाऱ्याने भरला होता, तरी राखणारे जागेवर होते.

आता याच किल्ल्याची १८०३ सालची हकीकत ऐका. किल्ला दौलतराव शिंद्यांचा होता. ८ ऑगस्टला जनरल वेलस्लीने शिड्या लावून पेठ घेतली, १० तारखेला त्याच्या तोफा किल्ल्यावर चालू झाल्या आणि १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली करून दिला. त्या काळच्या इंग्रजी वर्णनात या किल्ल्याच्या बाहेरच्या चढाचा एक दोष टिपलेला आहे. तो चढ तटाला झाकतो खरा, पण इतका उभा आहे की खंदकाच्या कडेपर्यंत आलेल्या शत्रूला त्याचाच आडोसा मिळेल. दोष मोठा होता, यात शंका नाही. परंतु पराभवाचे कारण म्हणून तो सांगता येणार नाही. कारण त्याची परीक्षा झालीच नाही. खंदकात एकही इंग्रज शिपाई उतरला नाही, बाहेरच्या भिंतीला एकही शिडी लागली नाही. चांदबिबीने पडलेल्या तटावर जे राखले ते दोनशे सात वर्षांनी उभ्या तटावर गेले. खंदक तोच होता.

यावर कोणी म्हणेल की, आपण सारे ओझे माणसांच्या मनावर टाकता. पण शूर माणसे असूनही किल्ले गेले नाहीत काय? गेले. चाकणचे उदाहरण आपल्या अगदी घराजवळचे आहे. पुण्याच्या उत्तरेस अठरा मैलांवरचा हा संग्रामदुर्ग लहानसा भुईकोट. इंग्रजी अमदानीतल्या वर्णनाप्रमाणे त्याचा खंदक सुमारे ३० फूट रुंद आणि १५ फूट खोल, पण पाणी एका उत्तर बाजूलाच. जून १६६० मध्ये शाइस्ताखान मोठी फौज घेऊन या किल्ल्याला भिडला. आत फिरंगोजी नरसाळा थोड्या लोकांनिशी. भर पावसाळ्यात पंचावन्न दिवस हा लहानसा कोट झुंजला. शेवटी मोगलांनी सुरुंग नेऊन १४ ऑगस्टला एक बुरूज उडवला. खिंडारात लढाई झाली ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी फिरंगोजीला किल्ला सोडावा लागला. मोगलांकडील इतिहासातच त्यांची २६८ माणसे मेली आणि ६०० जखमी झाली अशी नोंद आहे.

या लढाईत खंदकाच्या दृष्टीने दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, कोरड्या खंदकाखालून सुरुंग नेता येतो, पाण्याच्या खंदकाखालून नेणे फार कठीण. सुरुंगात पाणी उतरते आणि खणणारेच बुडतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खंदक वेळ मिळवून देतो असे आम्ही वर म्हटले. चाकणच्या खंदकाने पंचावन्न दिवस मिळवून दिले; इतक्या लहान कोटाने याहून अधिक काय द्यावे? पण त्या दिवसांत बाहेरून कुमक यावयास हवी होती, आणि शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्याच्या वेढ्यात आणि त्यातून सुटण्याच्या खटपटीत गुंतलेले होते. १३ जुलैच्या रात्री ते पन्हाळ्याहून निसटले. तरी चाकणकडे येणे शक्य झाले नाही. फिरंगोजीचे शौर्य कमी पडले नाही, खंदकही कमी पडला नाही. कमी पडली ती बाहेरची वाट.

येथे आमच्या विषयाची दुसरी बाजू पुढे येते. खंदकाला दोन भिंती असतात, आणि त्या दोन्ही दोन्ही अंगांनी अडवतात. बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत, तशाच आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाहीत. याचा अत्यंत कडू अनुभव आपल्याला पानिपतावर आला. १७६० च्या हिवाळ्यात सदाशिवरावभाऊंनी पानिपत गावाच्या आश्रयाने छावणी केली आणि तिच्याभोवती खंदक खणून त्याच्या काठावर तोफा मांडल्या. त्या खंदकाने आपले काम चोख केले. दोन महिन्यांहून अधिक काळ अब्दालीला मराठ्यांची छावणी मोडता आली नाही. परंतु अब्दालीला ती मोडावयाची घाई नव्हती. त्याने वाटा रोखल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसदेची आशा मावळली. माणसे उपाशी, जनावरे उपाशी, आणि भोवती आपणच खणलेला खंदक. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठे त्या खंदकाबाहेर पडले ते शत्रूने खंदक जिंकला म्हणून नव्हे. खंदकात राहून उपाशी मरणे अशक्य झाले म्हणून. त्या दिवसाचा विचार करताना आमचे लक्ष नेहमी रणांगणाकडे जाते. आदल्या दोन महिन्यांच्या खंदकाकडे क्वचितच जाते.

त्या दिवसानंतर जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना आश्रय मिळाला तो सूरजमल जाटाच्या मुलखात. याच सूरजमलाने भरतपूरचा किल्ला बांधला, आणि तेथे खंदकाच्या इतिहासातले एक फार बोधप्रद प्रकरण घडले. भरतपूरचा बाहेरचा तट मातीचा. तोफेचा गोळा दगडी भिंत फोडतो. जाड मातीत तो रुतून बसतो. तटाभोवती रुंद खंदक, आणि गावाबाहेरच्या मोतीझील तलावाचा बांध फोडला की त्याचे पाणी खंदकात यावे अशी योजना.

१८०५ च्या जानेवारीत लॉर्ड लेक या किल्ल्यापुढे आला. आत राजा रणजितसिंग आणि त्याच्या पाठीशी यशवंतराव होळकर. लेकने ९ जानेवारी, २१ जानेवारी, २० फेब्रुवारी आणि २१ फेब्रुवारी असे चार हल्ले केले आणि चारही फसले. मेलेले आणि जखमी मिळून तीन हजारांवर माणसे त्याने गमावली. दुसऱ्या हल्ल्यापूर्वीची हकीकत मोठी मौजेची आहे. त्याच्या तीन स्वारांनी पळून आल्याचे सोंग केले, तटाजवळ घोडे नेले, खिंडार आणि खंदक डोळ्यांनी पाहिला आणि काम सोपे आहे असे येऊन सांगितले. त्या मापाने पूल तयार झाले. प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी पूल खंदकाला पुरेनात. खिंडारासमोरचे पाणी आतल्या लोकांनी बांध घालून तुंबवले होते, आणि तेवढ्याच जागी खंदक रुंद आणि खोल झाला होता. शत्रू ज्याचे माप घेऊन गेला तो खंदक त्यांनी दुसऱ्या दिवशी ठेवलाच नाही! अखेर एप्रिलात तह झाला. राजाने २० लाख रुपये कबूल केले, होळकराची साथ सोडली. पण किल्ला राखला.

पुढे वीस वर्षांनी, गादीच्या तंट्यात दुर्जनसालाविरुद्ध लॉर्ड काँबरमियर भरतपुरावर आला. १० डिसेंबर १८२५ रोजी येऊन पोचताच त्याने पहिले काम कोणते केले? तटाकडे न जाता त्याची माणसे तलावाच्या बांधावर गेली. आतल्या लोकांनी बांध फोडावयास नुकताच आरंभ केला होता. त्यांना हुसकून इंग्रजांनी तो पुन्हा बुजवला, आणि खंदक जवळजवळ कोरडा राहिला. मग चाकणला झाले तेच येथे झाले. कोरड्या खंदकातून तटाच्या पोटात सुरुंग गेले. १८ जानेवारी १८२६ च्या सकाळी दहा हजार पौंड दारूचा मोठा सुरुंग उडाला आणि त्याच दिवशी भरतपूर पडले. तट तोच, माती तीच, खंदकाच्या भिंती त्याच. १८०५ मध्ये पाणी आतल्यांच्या हाती होते, १८२६ मध्ये ते बाहेरच्यांच्या हाती गेले. तो बांध तटापासून दूर होता आणि त्यावर पुरेसा पहारा नव्हता.

बंधुभगिनींनो, या सर्व हकीकतींतून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. खंदकाचा निकाल बहुधा खंदकात लागत नाही. देवगिरीला तो धान्याच्या पोत्यांत लागला, चाकणला पन्हाळ्याच्या वाटेवर, पानिपतला रसदेच्या रस्त्यावर आणि भरतपूरला तलावाच्या बांधावर. खंदक खणणारा मनुष्य आपल्यासाठी थोडा वेळ विकत घेत असतो. तो वेळ कशासाठी घेतला आणि त्यात कोणी काय करावयाचे, हे ज्याने आधी ठरवले त्याला खंदक तारतो. ज्याने खंदक खणला म्हणजे आपले काम संपले असे मानले, त्याच्याभोवती तीच भिंत हळूहळू तुरुंगाची होते. अहमदनगरच्या त्याच किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून इंग्रज सरकारने काँग्रेसच्या पुढाऱ्यांना डांबून ठेवले. निजामशहाने शत्रू आत येऊ नये म्हणून जो खंदक केला होता, तो परक्या सरकारला देशभक्त बाहेर जाऊ नयेत म्हणून उपयोगी पडला. खंदकाला आपला आणि परका कळत नाही. ते कळणारी माणसे तटावर असावी लागतात.

शेवटी एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या गावचा भुईकोट दुरुस्त करण्याची गोष्ट निघाली म्हणजे दरवाजा आणि बुरूज यांची चर्चा होते. खंदक मात्र बुजवून रस्ता, बाजार किंवा दुकाने काढण्याजोगी मोकळी जागा ठरतो. त्यातही प्रथम नाहीशी होते ती बाहेरची भिंत, कारण ती भिंत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्याच्या कडेचा दगडी कठडा समजून लोक तिचे दगड उचलून नेतात. खंदकावाचून उभा राहिलेला तट मुलांना काय सांगणार? एक उंच भिंत, एवढेच. ती एवढी उंच का, बुरूज पुढे का आला, जंगीचे तोंड खाली का वळले, या साऱ्याचे उत्तर त्या बुजलेल्या खड्ड्यात आहे. म्हणून पुढल्या खेपेस किल्ल्यावर जाल तेव्हा दरवाजातून आत शिरण्यापूर्वी थोडे थांबा, खंदकाच्या बाहेरच्या काठावर या आणि खाली पाहा. समोर तट असेल, पायाखाली ती दुसरी भिंत असेल. शत्रू ज्या जागी थांबून विचारात पडत असे त्याच जागी आपण उभे असाल. आणि किल्ला कसा राखला जात असे, हे तेथून जितके कळते तितके आतून कळत नाही.